दुकानापुढचे गाऊन आणि दारातला उजेड

ताई, नमस्कार.

दादर पश्चिमेला आमचं मॅचिंग सेंटर आहे, साडीला जुळणाऱ्या ब्लाऊजच्या कापडाचं दुकान. वडिलांनी पागडीवर घेतलेली दहा बाय अठराची जागा. आता गल्ल्यावर मी बसतो. वय ५३. समोरच्या फुटपाथवर वडिलांच्या वेळेपासून एक मावशी गजरे आणि पूजेची फुलं घेऊन बसायच्या. एक पाटी, एक ओलं फडकं, एवढाच पसारा. करोनानंतर त्यांचे गुडघे गेले आणि जागेवर त्यांचा मुलगा आला. तो फुलं विकत नाही, लेडीज गाऊन विकतो. आधी एक स्टँड होता, मग दोन, आता तीन. शिवाय आमच्या छज्ज्याला दोरी बांधून वर टांगलेले वेगळेच. आमचं दार गाऊनमागे गेलंय. तीस-तीस वर्षांची गिऱ्हाइकं दुकान ओलांडून पुढे जातात आणि फोन करतात, "बंद केलंत का?" धंदा पाव हिश्शाने तरी बसलाय.

घरात तीन मतं. मुलगा (वय २४) म्हणतो, व्हिडिओ काढून टाकू, महापालिकेच्या १९१६ ला फोन करू, माल उचलणारी गाडी बोलावू. बायको म्हणते, दुकान कुणाला तरी चालवायला द्या नाहीतर विका, हल्ली सगळं ऑनलाइन मिळतं. आई (वय ८१) म्हणते, २००५ ला २६ जुलैच्या रात्री पाणी शिरलं तेव्हा त्याच मावशींनी तुझ्या वडिलांबरोबर पहाटेपर्यंत थानं वरच्या फळीवर चढवली, त्यांच्या पोराच्या पोटावर पाय देऊ नकोस.

खरं सांगायचं तर त्याच्या दिव्याची वायर आमच्याच दुकानातून गेलीय, महिन्याचे ६०० रुपये देतो. आमचेही दोन पुतळे बाहेर असतात, पण ते पायरीवर. गणपतीच्या आधी त्याच्याशी कडाक्याचं भांडण झालं. तेव्हापासून बोलणं बंद. काय करू?

— एक मॅचिंगवाला, दादर

मॅचिंगवाले, नमस्कार.

पत्रात "खरं सांगायचं तर" आलं की मी चष्मा पुसून घेते. लोक आधी पानभर तक्रार लिहितात आणि मुद्द्याची गोष्ट तळाशी ठेवतात. तुमची वायर आणि तुमचे पुतळे, दोन्ही तिथेच सापडले. त्यांच्याकडे येतेच. पण आधी तुम्ही न लिहिलेली एक गोष्ट. रोज बघून ती तुम्हाला दिसेनाशी झाली असावी. मी काउंटरच्या अलीकडची, म्हणून मला दिसते.

मॅचिंगच्या दुकानांत मी आयुष्याचे किती तास घालवलेत याचा हिशेब माझ्या नवऱ्याकडे आहे. पिशवीतून साडी काढायची, पदर काउंटरवर पसरायचा. तुमच्यासारखा माणूस त्यावर एक नजर टाकतो आणि मागे वळून न बघता ब्लाऊजच्या सुती कापडाची, रुबियाची, चार थानं समोर टाकतो. ट्यूबलाइटखाली चारही जुळतात. मग तुम्ही ते वाक्य म्हणता, जे दादरपासून डोंबिवलीपर्यंतचा प्रत्येक मॅचिंगवाला म्हणतो: "दारात नेऊन उजेडात बघा, ताई." दारात नेल्यावर एक जांभळ्याकडे झुकतो, एक मळकट निघतो, एक उगाचच चकाकतो आणि चौथा बसतो. चिंतामणी आणि मोरपंखी, अबोली आणि गाजरी, आमसुली आणि डाळिंबी. दिव्याखाली सख्ख्या बहिणी, उन्हात एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत.

तुमचं दुकान दहा बाय अठरा. मागे भिंत, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची दुकानं. म्हणजे उजेड येणार तो दारातूनच, आणि त्या दारावर आज गाऊन टांगलेत. लाल गाऊनमधून गाळून आलेल्या उजेडात तुमची गिऱ्हाईक रुबिया बघते, "बसतोय" म्हणते, तुम्ही मीटर लावून ऐंशी सेंटिमीटर कापून देता. घरी खिडकीपाशी पिशवी उघडली की तो वेगळाच. "कापलेलं कापड परत घेतलं जाणार नाही" ही पाटी तुमच्याकडे असणारच, ती सगळीकडे असते. मग ती बाई भांडायला येत नाही. पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जाते, एवढंच.

दार दिसत नाही म्हणून धंदा गेला, हे तुमचं म्हणणं खरं असेल. पण फोन करून "बंद केलंत का" विचारणारी गिऱ्हाइकं तुम्हाला कळतात तरी. रंग चुकला म्हणून न आलेली कळत नाहीत. तुमच्या काउंटरवरच्या माणसाला विचारा, गेल्या दोन वर्षांत "काल नेलेला लागत नाही हो" असं म्हणत येणाऱ्या बायका वाढल्या की नाही.

हे एवढं लांबण लावलं त्याला कारण आहे. तुम्हाला तो माणूस तिथून जायला हवाय असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं तुम्हाला दार हवंय. या दोन वेगवेगळ्या मागण्या आहेत. पहिली मागितलीत तर तुमच्या वाट्याला कोर्ट, कायदा, संघटना आणि आईचं तोंड येईल. दुसरी मागायला पितृपंधरवड्यातली एक सकाळ पुरेल.

गाडीचं बोलू. तुमच्या मुलाला वाटतं, १९१६ वर फोन केला की प्रश्न मिटला. आमच्या गल्लीत आम्ही हे केलंय. जिन्याच्या तोंडाशी एक केळीवाला गाडी लावायचा. सोसायटीतल्या आम्ही सगळ्यांनी मिळून, त्यात मीही होते, सह्या केल्या. केळीवाला गेला. आठ दिवसांत त्या जागी चार स्कूटर आल्या, त्या आजतागायत आहेत, आणि स्कूटरला "जरा बाजूला घे रे" म्हणता येत नाही. केळीवाल्याला म्हणता यायचं. दादरसारख्या ठिकाणी फुटपाथची रिकामी फरशी ही सकाळची ट्रेन असते, एक उतरला की दुसरा आत. तुमच्यासमोर उद्या जो येईल त्याच्या आईने तुमची थानं उचललेली नसतील.

आणि कायदा तुमच्या मुलाला वाटतो तितका सरळ नाही. तो थोडा सांगते, कारण उद्या भांडण वाढलंच तर समोरचा याच्याच गोष्टी करेल. रस्त्यावर माल विकणं हा व्यवसायस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, पण त्यावर वाजवी बंधनं घालता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच म्हटलंय. त्यातून पुढे २०१४ चा पथविक्रेता कायदा आला. त्यात नगर पथविक्रेता समिती आहे, समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असायला हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका. विक्रेत्यांची संख्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत सामावून घ्यायची, दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायचं, आणि सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला उठवायचं नाही, हेही त्यातच लिहिलंय. मुंबईत सर्वेक्षण २०१४ मध्ये झालं. सुमारे ९९ हजार अर्ज आले, पात्र ठरले ३२ हजारांच्या आसपास. त्या समितीच्या निवडणुकीला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. दहा वर्षं! मधल्या काळात तुमच्या समोरच्या मावशींचे गुडघे झिजले आणि मुलाने फुलं सोडून गाऊन धरले.

दुसऱ्या बाजूला, सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. दादरच्या पुढचंच ते स्टेशन, आपल्यातले कितीतरी जण त्या पुलावरून रोज जायचे. महिन्याभरानंतर मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला: स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत, शाळा, प्रार्थनास्थळं आणि रुग्णालयं यांच्यापासून १०० मीटरच्या आत नकोत. तुमचं दुकान या टापूत येतं की नाही ते तुम्हीच बघा. (दादरमध्ये १०० मीटरवर देऊळ नाही अशी जागा कुणाला सापडली तर मला जरूर कळवा.) आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालायला मोकळा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. म्हणजे फेरीवाल्याच्या हातात कागद आहे, पादचाऱ्याच्या हातात आहे. या सगळ्यात कागद नाही तो दुकानदाराच्या हातात. दुकानासमोरचा फुटपाथ दुकानाचा, असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. तुमच्या उताऱ्यात नाही, गुमास्ता परवान्यात नाही, पागडीच्या पावतीवर तर नाहीच.

मावशींनी २०१४ मध्ये फॉर्म भरला होता का, हे शोधून काढा. भरला असेल आणि त्या पात्र ठरल्या असतील तर गोष्ट बदलते. प्रमाणपत्रधारक आजारी पडला किंवा कायमचा अधू झाला तर प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत त्याचा नवरा, बायको किंवा त्याच्यावर अवलंबून असलेलं मूल त्या जागी बसू शकतं. चाळिशीतला, स्वतःचा धंदा करणारा मुलगा "अवलंबून" धरला जाईल का, हा वादाचा मुद्दा. तुम्ही त्या वादात पडू नका. पण त्या कागदावर एका पाटीची जागा असेल, तीन स्टँडची नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता तुमची वायर.

ती उद्या सकाळी काढा. त्याच्याशी बोलायच्या आधी. ज्या जागेसाठी वीजजोडणी दिली तिच्या बाहेर ती वापरू देणं म्हणजे वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर. त्याची आकारणी होते ती लागू दराच्या दुपटीने, आणि बिल तुमच्या नावाने येतं, गाऊनवाल्याच्या नाही. हे झालं पैशाचं. छज्ज्यावरून लोंबणारी वायर, खाली नायलॉनचे गाऊन, जुलैचा पाऊस आणि लोखंडी स्टँड. हे चित्र डोळ्यांसमोर आणा. एखाद्या संध्याकाळी स्टँडला हात लावणारी बाई तुमचीच गिऱ्हाईक असायची.

शिवाय ते ६०० रुपये. त्याच्या डोक्यात ते विजेचे नाहीत हो. तो ते जागेचे देतो. वर्षाचे ७,२०० रुपये शेठच्या हातात ठेवतो म्हणजे शेठची परवानगी आहे, असा त्याने अर्थ लावला असेल तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. एक स्टँड लावला तेव्हा तुम्ही गप्प होतात, दुसरा आला तेव्हाही, कारण पहिल्या तारखेला नोटा येत होत्या. भांडण झालं ते तिसऱ्या स्टँडवर. वायर काढताना या महिन्याचे पैसे परत करा. हल्ली चार्जिंगचे एलईडी दिवे मिळतात, एकदा चार्ज केला की संध्याकाळ निघते. पहिला दिवा तुम्ही घेऊन द्या. स्वस्तात सुटाल.

पुतळ्यांचं. "पण ते पायरीवर" हे तुम्ही लिहिलंत ते वाचून हसू आलं, रागावू नका. पायरी कुणाची? छज्जाच्या रेषेच्या आत असेल तर ठीक. पण दादरच्या जुन्या इमारतींच्या पायऱ्या दर फरशीकामाबरोबर दोन-चार इंच बाहेर सरकलेल्या असतात हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३१४ खाली रस्त्यावर विनापरवानगी ठेवलेली वस्तू नोटीस न देता उचलता येते. त्यात गाऊनचा स्टँड येतो तसा परकर नेसलेला पुतळाही येतो. गाडी आली आणि त्याच्या स्टँडबरोबर तुमचे पुतळेही टेम्पोत चढले तर तुमच्या मुलाचा व्हिडिओ गाजेल खरा, पण वेगळ्या कारणाने.

मुलाला सांगा, व्हिडिओ नको. त्या फुटपाथवर रोज बारा तास तुम्हालाच काढायचे आहेत. कॉमेंट करणारे कांदिवलीला आणि कॅनडात.

बायकोच्या बोलण्याला मात्र उडवून लावू नका. तिला दुकानाचा कंटाळा आला नसेल, तुमच्या चिडचिडीचा आला असेल; रात्री साडेनऊला घरी येऊन गाऊन या विषयावर बोलणारा नवरा कुणाला हवा असतो? पण "चालवायला द्या" हे सहज करायचं काम नाही. पागडीच्या जागेत मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू घातला तर भाडे नियंत्रण कायद्याखाली मालकाला जागा खाली करून मागायला आयतं कारण मिळतं. विकायचं तरी मालकाची संमती आणि त्याचा वाटा आलाच. वकिलाला विचारल्याशिवाय चर्चासुद्धा करू नका, अशा गोष्टी भिंतींना कळतात. आणि ऑनलाइनची भीती तुमच्या धंद्याने बाळगू नये असं मला वाटतं. तयार ब्लाऊज ऑनलाइन जाईल, परकर जाईल. पण आजीच्या चंद्रकळेला अस्तर आणि काठाला लागणारा रुबिया मोबाइलच्या काचेवर कसा जुळवणार? माझ्या फोनवर जो रामा दिसतो तो मुलीच्या फोनवर शेवाळी असतो. तुमच्याकडे आहे ती तुमची नजर आणि दारातला उजेड. पुन्हा तिथेच आले बघा.

तर मोजायला सुरुवात करा. सकाळी आठला जा, गाऊनवाला यायच्या आधी. तुमची मीटरपट्टी नको, सुताराकडे असतो तसा स्टीलचा टेप न्या. भिंतीपासून फुटपाथच्या कडेपर्यंत किती? आपल्याकडच्या रस्तेबांधणीच्या मानकात चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी पट्टी सांगितलीय, म्हणजे जेमतेम सहा फूट. दोन माणसं छत्र्या घेऊन एकमेकांना ओलांडतील एवढी. बाजारपेठेत याहून जास्त हवी. तुमचा फुटपाथ नऊ फुटांचा निघाला तर कडेला तीन फूट खोलीचा एक स्टँड बसतो आणि माणसंही चालतात. सात फुटांचा निघाला तर एक स्टँडही जड जाईल, मग एक फळी. आकडा कागदावर लिहा. दाराची रुंदी लिहा. दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट धरा. खडूने रेघ मारायचा मोह होईल, मारू नका; खडूच्या रेघेवरून या शहरात डोकी फुटलीत.

मग पुतळे आत घ्या. बोलण्याआधी चार दिवस. त्याला दिसू द्या की घेतलेत. काही बोलू नका.

आणि मग बोला. गणपती गेलेत, पितृपक्ष लागलाय. तुमच्याकडे या पंधरा दिवसांत कुणी शालू घेऊन येत नाही आणि त्याच्याकडेही गर्दी नसते. नवं काही सुरू करायचं नसतं म्हणतात, पण जुनं निस्तरायला याच्यासारखे दिवस नाहीत. घटस्थापनेनंतर तुम्हाला श्वास घ्यायला वेळ नसणार. नवरात्राच्या नऊ रंगांचा सगळा ताण शेवटी मॅचिंगवाल्यावरच येतो. आदल्या संध्याकाळी सात वाजता ऑफिसमधल्या आठ बायका राखाडीच हवा म्हणून उभ्या. तेव्हा दार मोकळं असलं पाहिजे. म्हणजे तुमच्याकडे दोन आठवडे आहेत.

एकटे बोलू नका, मुलाला तर अजिबात पाठवू नका. तुमच्या आईला रिक्षाने... चुकले, दादरला रिक्षा कुठली, टॅक्सीने दुकानात आणा. मावशींना निरोप पाठवा की आई आलीय, भेटायचंय. गुडघे दुखत असले तरी त्या येतील. दोघी बाकावर बसल्या, चहा आला, २००५ च्या पावसाची उजळणी झाली की मग त्याला आत बोलवा. आत. फुटपाथवर उभं राहून बोललात तर शेजारचे चार विक्रेते ऐकत असतात आणि त्यांच्यासमोर त्याला मागे सरकता येत नाही. तुम्हालाही तुमच्या शेजाऱ्यांसमोर येत नाही, खरं ना?

बोलणं लांबवू नका. असं काहीसं: "तुझा धंदा बंद व्हावा असं माझ्या मनात नाही. चिडून बोललो ते चुकलं. पण माझं दार गेलंय. हा छज्जा मोकळा कर, दारासमोर काही नको आणि दाराच्या दोन्ही बाजूंना दीड फूट सोड. कडेला एक स्टँड लाव. वायर मी काढतोय, हे तुझे या महिन्याचे, हा दिवा." आणि मग त्याला दाखवा. हे सगळ्यात महत्त्वाचं. एक मोरपंखी थान घ्या, त्याला ट्यूबखाली दाखवा, मग दारात गाऊनच्या आड दाखवा, मग चार पावलं पुढे उघड्यावर. तो रोज कापड विकतो, त्याच्या डोळ्यांना कळेल. "अडचण होते" हे त्याने शंभर वेळा ऐकलंय. हे त्याने कधी पाहिलं नसेल.

तो म्हणेल, तीन स्टँडचा माल एकावर कसा बसेल. रास्त प्रश्न आहे. माल त्याने उधारीवर उचलला असणार, तीन स्टँड लावण्यामागे हौस कमी आणि हप्ते जास्त. त्याच्याकडे प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र आहे का विचारा; असेल तर पंतप्रधान स्वनिधी योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळतं. २०२० साली सुरू झाली तेव्हा पहिलं कर्ज १० हजारांचं होतं, आता १५ हजारांचं. सावकारापेक्षा बरं. तुम्ही रोज बँकेत जाणारे, फॉर्म भरायला तासभर बसलात तर जागेच्या भांडणात तुम्ही समोरासमोर न राहता एका बाजूला याल. गाऊन घ्यायला थांबणारी बाई तुमच्याकडे फॉल-पिकोला येऊ शकते, हेही त्याला सुचवा. त्याच्या स्टँडवर तुमच्या नावाची एक छोटी पाटी लागली तर दोघांचंही बिघडत नाही.

तो ऐकेल का? एका बैठकीत तिन्ही स्टँडचा एक होणार नाही. दोन होतील, छज्जाची दोरी सुटेल. ते घ्या. दिवाळीनंतर पुन्हा बोला.

आणि नाहीच ऐकलं, हमरीतुमरीवर आला, तर मग महापालिकेच्या जी-उत्तर विभागाचं कार्यालय तुमच्यापासून लांब नाही, प्लाझा थिएटरच्या मागे. फोन नको, लेखी अर्ज द्या, सहायक आयुक्तांच्या नावे, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्जात माणसाबद्दल एक अक्षर लिहू नका. मोजमापं लिहा: फुटपाथ इतका रुंद, चालायला उरतो इतका, दाराला अडथळा इतका. आजूबाजूच्या दुकानदारांच्या सह्या घ्या, पण ज्यांचे स्वतःचे पुतळे, पेट्या आणि एसीचे डबे बाहेर आहेत त्यांना आधी ते आत घ्यायला सांगा. निम्मे सही करणार नाहीत. कोण करतं ते बघणंही शिकण्यासारखं असतं. माल उचलला गेलाच तर कायद्याने त्याला यादी मिळायला हवी आणि मागणी केल्यावर नाशवंत नसलेला माल दोन कामाच्या दिवसांत परत. हे त्याला तुम्हीच सांगा. वैर करायचं तर निदान नीट करावं.

आईंचं तेवढं राहिलं. त्या पोटावर पाय देऊ नकोस म्हणतात, ते त्या रात्रीच्या उपकारामुळे म्हणतात, आणि ते फेडायचं ओझं तुमच्यावर टाकतात. त्यांना विचारा, मावशींना हे गाऊन पसंत आहेत का. मला उगाच वाटतं, नसावेत. पन्नास वर्षं जी बाई एका पाटीत मावली तिला मुलाचा हा पसारा बघून तुमच्याइतकाच त्रास होत असेल, फक्त ती तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या आईला सांगेल.

घटस्थापनेच्या आधीच्या शनिवारी मी दादरला येणार आहे. सासूबाईंची आमसुली इरकल आहे, तिला अजून कुठे ब्लाऊज लागलेला नाही. तीन दुकानांतून तीन तुकडे आणून झालेत, तिन्ही कपाटात. तुमचं दुकान कुठलं ते मला ठाऊक नाही, विचारणारही नाही. दुपारी तीनच्या सुमारास येईन, तेव्हा पश्चिमेचं ऊन असतं.